रामीबाईची गाणी कोणी पुसली?

"नितू, सारी गाणी गेली. लोक म्हणतेत, म्याच पुसली."

फोनवर बादल रडत होता. निता मंगरूळपीरच्या कॉम्प्युटर दुकानातून तशीच निघाली. आसेगावजवळच्या तांड्यावर ती पोचेपर्यंत लोकांनी तिच्या भावावर शेण फेकलं होतं. तांड्याची गाणारी रामीबाई गेली, पण तिचा आवाज वाचनालयातल्या, बादल सांभाळायचा त्या कॉम्प्युटरवर उरला होता. तो पुसला गेला, तोही बादलच्याच नावानं मशीनमध्ये शिरून.

ज्यानं हे केलं त्याला चारचौघांत उघडा पाडायचा, नितानं दात आवळून ठरवलं.

वाचनालय चालवणाऱ्या बबनरावांनी कॉम्प्युटरच्या खोलीचं कुलूप काढलं. ती एकटीच आत गेली. पडद्यावर एक चौकोन: वर नाव, खाली पासवर्ड. बादलनं दिलेल्या पासवर्डनं आत शिरून तिनं मशीनलाच विचारलं, डिस्प्ले मॅनेजर, म्हणजे लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्राम, कोणता चालू आहे? उत्तर आलं, लाइटडीएम.

बाहेर येऊन तिनं बादलला विचारलं, "आधी लॉगिनले दुसरा प्रोग्राम, जीडीएम होता ना?"

"हो, जड पडत होता. त्याच सकाळी बदलला. दुपारी जेवाले गेलो, परतलो तं गाणी साफ. लगेच बबनरावांनी कुलूप लावलं."

मशीनमधली नोंदही तेच सांगत होती.

बाहेरच्या गर्दीत सगळ्यात मोठ्यानं बोंबलत होता दौलतसिंगचा पोरगा धनराज. निता सर्वांसमोर त्याच्याकडे वळली.

"धनराजभाऊ, त्या कॉम्प्युटरवर शेवटचं कधी बसले?"

"दिवाळीले. मंग खोलीत पायच नाही ठेवला."

"बादलच्या नावानं दुसरं कोणी शिरू शकत नाही?"

"कसं शिरीन? चौकोन येते समोर. त्यात नाव, खाली पासवर्ड. तो यालेच माहीत."

निता हसली. आता तिनं 'तुमी' सोडलं.

"दिवाळीले जीडीएम होता. त्यात नावांची यादी येते, नाव दाबल्यावर पासवर्ड. चौकोनवाला पडदा बादलनं त्या सकाळी टाकला, न् दुपारी खोलीले कुलूप लागलं. मधात जो बसला, त्यानंच तो पाह्यला. पासवर्ड होता रामीबाईचं नाव. तुले ओळखाले काय लागते? सांग, काहून केलं?"

धनराज किंचाळला, "गाण्यात तिनं माह्या बापाले भेकड म्हटलं! म्या बदला घेतला!"

गर्दीतून म्हातारा दौलतसिंग पुढं आला.

"तुनं गाणं पुरं ऐकलंच नाही? पूर आला तं भेकड दौलत पळाला, म्हणते ती. मंग तोच परत आला न् पुरातून तिचं लेकरू काढलं. शेवटच्या कडव्यात होतं ते."

धनराज मटकन खाली बसला.

"चाल घरी," बादल म्हणाला.

निता हलली नाही. ती धनराजकडे पोटभर पाहत राहिली.