मातृरेषा

ओवी चालायला लागली त्याच्या आधी फुंकायला शिकली. सकाळी संस्थेच्या दारापाशी आई ओठांचा चंबू करून नळीत फुंकते, हे ती रोज कडेवरून पाहायची. मग घरी फ्रिजवर, बाबाच्या फोटोवर, वरणभाताच्या वाटीवर, सगळीकडे तिचं ‘फू’ चालायचं.

त्या दाराचं नाव श्वासद्वार. मोठी साथ येऊन गेल्यावर ते बसवलं होतं. श्वासातून अवरक्त प्रकाश जातो, प्रत्येक वायू त्यातला आपापला वाटा गिळतो, आणि वर्णपटावर उमटलेल्या काळ्या रेषांवरून श्वासात काय काय आहे ते दार ओळखतं. हिरवा दिवा लागला तर आत यायचं, लाल लागला तर घरी जायचं.

डॉ. तेजश्री खंडागळेला याचं अप्रूप नव्हतं. तिचं कामच ते होतं. फक्त ती माणसांऐवजी दूरच्या ग्रहांचे श्वास वाचायची. ग्रहांच्या वातावरणातल्या पुसट रेषा टिपणारा शोधक तिने स्वतः बनवला होता. आराखडा केला तेव्हा ओवी पोटात होती, चाचण्या झाल्या तेव्हा मांडीवर. येत्या सोमवारी तो घेऊन ती हिमालयापलीकडच्या वेधशाळेत जाणार होती. दुर्बीण आठवडाभरच मिळायची होती, पुढची पाळी कधी लागेल ते कोणी सांगत नव्हतं. तिने बार्शीहून आईला बोलावून घेतलं होतं, ओवीला आजीच्या हातच्या खिमटीची सवय लावली होती.

गुरुवारी तिने नळीत फुंकलं आणि दिवा पिवळा लागला.

पिवळा नवीन होता. लेसर, रसायनं, उंचावरचे दौरे यांचा गरोदर बायकांना धोका नको म्हणून सुरक्षा समितीने तो मागवला होता. पिवळा लागला तर आत यायचं, पण धोक्याच्या कामाला हात लावायचा नाही. दार बनवणाऱ्या कंपनीने त्यासाठी श्वासातल्या एका संयुगाची रेषा शोधून काढली होती आणि तिला ‘मातृरेषा’ असं गोड नाव दिलं होतं.

“अगंबाई, मॅडम!” दारावरच्या कांबळेमावशी चमकल्या. “एवढ्यात दुसरं?”

“मावशी, काहीतरी चुकतंय.”

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “पेढे!” आणि दुसरं कोणीतरी, हळू पण ऐकू येईल असं, “नवरा तर मार्चपासून कॅनडात आहे ना हिचा?”

तेजश्रीने मागे वळून पाहिलं नाही. ओवीला पाळणाघरात सोडलं, दुपारी रक्ताची तपासणी करून आली. गर्भ नव्हता. असण्याचा प्रश्नच नव्हता. अहवाल घेऊन ती विभागप्रमुख डॉ. देवस्थळींकडे गेली.

“हे बघ तेजश्री, अहवाल नाही म्हणतो, मान्य. पण दार हो म्हणतंय. उद्या वर ऑक्सिजन कमी पडून काही झालं, तर पेपरात नाव कोणाचं येईल?”

“सर, मी गरोदर नाही. हे मला माहीत असणार ना?”

“अगं, सुरुवातीला कळत नाही बायकांना. आमच्या हिलाही कळलं नव्हतं.” ते समजूत घातल्यासारखं हसले. “सबनीस जाईल. तसंही एवढीशी पोर टाकून तुझा जीव लागला नसता तिथे.”

“माझा जीव कुठे लागतो ते मी बघते ना, सर.”

“आता चिडू नकोस बाई. तुझ्या भल्यासाठीच आहे हे.”

शुक्रवारचा अख्खा दिवस तिने निमिष सबनीसला शोधक समजावून दिला. तो तिला ज्युनियर, स्वभावाने गरीब.

“मॅडम, मला खरंच ओशाळल्यासारखं होतंय,” तो म्हणाला.

“मग सरांना तसं सांग.”

तो खोक्याचा पट्टा उगाच आवळत, सैल करत राहिला. “माझ्या सांगण्याने काय होणार?”

सोमवारी बाहेर जीप उभी होती. शोधकाचं खोकं मागे चढवलं होतं. निमिष सह्या करायला आत आला, नेहमीच्या सवयीने त्याने नळीत फुंकलं आणि दिवा पिवळा लागला.

मग जो हशा उसळला, तो आवरेना.

“सबनीस, डोहाळजेवण कधी?”

“झोपाळ्यावर बसवायचं का नावेत?”

देवस्थळी सरांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. कांबळेमावशींनी तोंडाला पदर लावला. एकटी तेजश्री पडद्याजवळ जाऊन निमिषचा वर्णपट निरखत होती. गुरुवारी स्वतःचाही तिने असाच निरखला होता. तीच जागा, तशीच खोल रेषा.

“निमिष, रात्री तुझ्या बाळाला कोण घेतं?”

“मीच.” तो लाल झाला. “शनिवारपासून प्राचीची महिनाभर हॉस्पिटलात रात्रपाळी आहे. बाळ धड दोन तास झोपत नाही हो.”

तेजश्री वळली. “सर, ही रेषा गर्भाची नाहीच. मोडक्या झोपेची असावी. ओवीला दाढा येतायत, मीही रात्र रात्र जागी आहे. गरोदर बायकांचीही झोप मोडते, म्हणून कंपनीला ती त्यांच्यात सापडली. तान्हं सांभाळणाऱ्या बापांना त्यांनी फुंकायला लावलंच नसणार.”

हशा थांबला होता. देवस्थळींनी चष्मा पुसला.

“म्हणजे यंत्र बिघडलंय! मी म्हणतच होतो. मावशी, कंपनीला फोन लावा. आणि सबनीस, तू निघ, विमान चुकेल.”

“सर, मग मलाही जाता येईल.”

“अगं, तिकीट, तिथला परवाना, सगळं त्याच्या नावाने झालंय. ऐनवेळी कुठे घोळ घालतेस?”

तेजश्रीने निमिषकडे पाहिलं. तो जीपमध्ये जाऊन बसला. तिचा दिवा पिवळा लागला तेव्हा तिचं काम काढून घेतलं होतं. त्याचा लागला तेव्हा दार दुरुस्तीला काढलं.

बुधवारी कंपनीचा तंत्रज्ञ आला आणि चहा संपायच्या आत त्याचं कामही संपलं.

“पुरुषांसाठी मातृरेषा बंद केली,” तो म्हणाला. “ओळखपत्रावरून दार आपोआप ठरवेल.”

“आणि बायकांसाठी?” तेजश्रीने विचारलं.

“ती ठेवायला सांगितलीय, मॅडम. सुरक्षेचा प्रश्न आहे ना.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृहाच्या पडद्यावर निमिष दिसला. कानटोपी, लाल झालेलं नाक, रडवेला चेहरा. “सर, रेषा पसरतायत. सगळं धूसर येतंय. तीनच रात्री उरल्यात.”

सगळ्यांनी तेजश्रीकडे पाहिलं. तिला कारण माहीत होतं. तिने काही वेळ ते सांगितलं नाही. गप्प राहिलं तर सोमवारी निमिष रिकाम्या हाताने परतेल, आणि मग देवस्थळींना कळेल कोणाला पाठवायला हवं होतं ते. पण तिचा शोधक, तो काळा डबा, तिकडे अडून पडला होता, आणि त्याने कोणाचं काय वाकडं केलं होतं? रात्री ओवी रडते तेव्हा पाळी कोणाची हे विचारत ती पडून राहत नाही.

“हीटर बंद कर,” ती म्हणाली. “तू त्याला ऊब देतोयस आणि त्याच्या आतल्या आरशाची एक बाजू फुगतेय. रात्रभर बाहेरच्या थंडीत मुरू दे, मग जुळव.”

शुक्रवारी रात्री रेषा आली. बारीक, काळी, स्वच्छ. कुठल्या तरी परक्या आकाशातली पाण्याची वाफ. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

“वा, सबनीस! नाव काढलंस!” देवस्थळी पडद्याकडे बघून ओरडले. मग वळून म्हणाले, “तेजश्री, केकचं तेवढं बघशील? तुम्हा बायकांना बरोबर कळतं.”

सोमवारी सकाळी तिने दारात फुंकलं. रात्री ओवीला ताप होता, तो पहाटे उतरला; जागरणामुळे दिवा पिवळा लागला. आता कोणी पेढे मागितले नाहीत. कांबळेमावशींनी गुपचूप दार उघडायचं बटण दाबलं.

तेवढ्यात कडेवरची ओवी वाकली आणि तिने सगळा जीव एकवटून नळीत ‘फू’ केलं. दार अडखळलं. तिच्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं. ही बाई की पुरुष, हे त्याला ठरवता येईना. मग हिरवा दिवा लागला. ओवीने टाळ्या पिटल्या.

“बघा, आमच्या ओवीला हिरवा!” मावशी खुलल्या.

तेजश्रीने लेकीच्या हनुवटीवरची लाळ पुसली, कपाळाला हात लावून ताप पुन्हा एकदा पाहिला. मुलगी आहे हे दाराला कळेपर्यंत हिच्या हातात किती वर्षं होती?