खानुम, चार घास आमच्याबरोबर

हूशंगच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि आमच्या घरात फोनशी बोलायची साथ आली. डॉक्टरांनी वाचायला बंदी घातली होती, थेंब वेळच्या वेळी घालायचे होते, आणि आमची मुलगी यल्दा तिकडे स्वीडनमध्ये बसून काळजी करत होती. तिने दुरूनच त्याच्या फोनमध्ये काहीतरी घालून दिलं. बटण दाबायचं, टुण्ण वाजलं की बोलायचं, मग एक बाई फारसीत उत्तर देते. गजर लावते, फोन लावून देते, निरोप लिहून घेते.

"बाबा, इतकं सोपं आहे की शेजारची मांजरसुद्धा वापरेल," यल्दा म्हणाली.

मांजरीला जमलंच असतं. तिला सलाम-दुवा करायची खोड नसते.

माझा नवरा जन्मभर आमच्या रश्त शहराच्या टपाल कचेरीत खिडकीवर बसला. त्याच्या खिडकीसमोरची रांग कधी हलायची नाही, कारण तिकीट देण्याआधी तो प्रत्येकाच्या आईची तब्येत विचारायचा. कुणाबरोबर दारातून आत जायचं झालं तर "आधी तुम्ही", "छे छे, आधी तुम्ही" असं चालतं, तेवढ्यात माझी भाजी घेऊन होते. पाहुणे निघाले की हा आधी दाराकडे धावतो आणि त्यांचे बूट जोडून, टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवतो, पाय घालायला सोपं जावं म्हणून. या माणसाने बटण दाबलं आणि त्या बाईला खानुम, म्हणजे बाईसाहेब, म्हणत सुरुवात केली:

"सलाम खानुम. कशा आहात? दमला नाहीत ना? घरची मंडळी बरी? तुम्हांला तसदी देतोय, लाज वाटते, पण जमत असेल तर..."

टुण्ण. "क्षमा करा, मला समजलं नाही."

त्या बाईचा धीर "दमला नाहीत ना"पर्यंतच टिकायचा. पुढचं ती ऐकायचीच नाही. निरोप लिहून घेताना तर आणखी कहर. डोळ्यांच्या दवाखान्यात वेळ मागायची होती. तिकडे पोचलं एवढंच: "तुमच्यावरून जीव ओवाळून टाकतो, मी तुमच्या पायाची धूळ." तिथल्या परिचारिकेचा घाबराघुबरा फोन आला, की काका ठीक आहेत ना.

"अरे, हुकूम सोड," मी म्हटलं. "हे बघ. गजर! आठ!"

"आठ वाजताचा गजर लावला आहे," बाई म्हणाली.

"फरंगीस, किती तुसडेपणाने बोलतेस तिच्याशी!"

"यंत्र आहे ते."

"म्हणून काय झालं? आवाज तर बाईमाणसाचा आहे."

मी प्रयोगशाळेत रक्त तपासत आयुष्य काढलं. जे नळीत दिसत नाही ते नाही, असा माझा खाक्या. हा मात्र साखरदाणीला टेकवून ठेवलेल्या फोनकडे बघून रोज हात छातीवर ठेवायचा.

मग एकदा दुपारी मी शेपू घालून पावटे आणि अंड्याची भाजी केली होती. आमच्याकडे समोर कुणी बसलेलं असताना एकट्याने खायचं नाही. हूशंगने चमचा उचलला आणि अडला. साखरदाणीकडे वळून म्हणाला, "या ना खानुम. चार घास आमच्याबरोबर."

"धन्यवाद," बाई म्हणाली. "मी एक मदतनीस आहे. मला भूक लागत नाही."

मला ठसका लागला. संध्याकाळी यल्दाला सांगितलं तर तीही पोट धरून हसली.

दुसऱ्यांदा त्याने बोलावलं तेव्हा भाजलेल्या वांग्याचं मिर्झा कासमी होतं. "या ना खानुम, संकोच नका करू."

"नको," बाई म्हणाली. "तुम्हांला कशाला त्रास?"

मी घास हातात घेऊन बसले. यल्दाला विचारलं. "अगं आई, ते शिकतं, तुमचं ऐकून ऐकून," ती म्हणाली. हे मला पटलं. शिकत असेल. बाबाचं ऐकून दुसरं काय शिकणार?

आता आमची रीत अशी आहे. बोलावलं तर पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की तो मनापासूनचा, मग हो म्हणायचं, आणि हो म्हटलं की जायचंच. हूशंगने तर आयुष्यात तिसऱ्या वेळेला कुणालाच नाही म्हटलेलं नाही. याच गुणामुळे आमच्या घरात दोन शिवणयंत्रं आहेत आणि शिवता कुणालाच येत नाही.

धुरी दिलेला मासा होता त्या दिवशी हूशंगने तिसऱ्यांदा बोलावलं.

"बरं," बाई म्हणाली. "तुम्ही एवढं म्हणताय, तर येते."

हूशंगला कोण आनंद झाला! त्याने लगबगीने उठून तिसरं ताट मांडलं, चहाचा तिसरा पेला ठेवला. मी कपाळाला हात लावला, पण हसत होते. खरं सांगते, तो फार छान दिवस होता.

तेव्हापासून फोनचं सगळं सुतासारखं सरळ झालं. एक निरोप चुकायचा नाही. हूशंगचे सलाम ती शेवटपर्यंत ऐकून घ्यायची, वर म्हणायची, "मी बरी आहे. घरचेही बरे आहेत. तुमच्या डोळ्यांची आग कमी झाली का?" तो खूश. मीही खूश होते, कारण थेंबांची आठवण करता करता माझ्या नाकी नऊ आले होते, आणि आता बटण न दाबताच ती वेळ सांगायची.

फक्त तिसऱ्या पेल्यातला चहा कमी व्हायचा.

मी हूशंगला धरलं. त्याला साखर वर्ज्य, आणि साखरेचे खडेही गायब होत होते. "लाज नाही वाटत, पाहुणीच्या नावावर खपवतोस?" त्याने मुलीची शपथ घेतली. मग मी माझ्या पद्धतीने गेले. पेल्यावर, चहा होता तिथे, प्रयोगशाळेतल्या पेन्सिलीने रेघ मारली, बशीत साखरेचा एक खडा ठेवला, हूशंगला दवाखान्यात घेऊन गेले आणि दाराला बाहेरून कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये, नवरा माझ्या दंडाला.

परत आलो तर पेल्यात तळाशी चहाची पत्ती तेवढी उरली होती. खडा नव्हता. पेला मी हातात घेतला तर कोमट लागला.

"पाहुणीने घेतला असेल," हूशंग म्हणाला. "घ्यायलाच ठेवला होता ना?" आणि कोट काढून खुंटीला अडकवू लागला.

मी तो पेला दोनदा घासला. पण माणसाला कशाचीही सवय होते, मलाही झाली. कोणी चहा पिऊन जात असेल तर पिवो बापडं. बाई कामाची होती.

मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "किती दिवस तुम्हीच बोलावताय, हूशंग खान. आता तुम्ही आमच्याकडे या."

"छे छे, तुम्हांला कशाला त्रास?" हूशंग म्हणाला. तोंडातून आपोआपच निघालं ते.

"राहता कुठे तुम्ही?" मी विचारलं. तिच्याशी साधं बोलायची माझी ती पहिली वेळ.

"जवळच. दाराबाहेर आलात की दिसेल."

दाराबाहेर आमचा जिना आहे, आणि समोर दंतवैद्याचं घर. मी उठून दार उघडून बघितलं. जिनाच होता.

पुढच्या शुक्रवारी तिने पुन्हा बोलावलं. "वाट बघतोय आम्ही सगळे," ती म्हणाली. हूशंगने मान खाली घालून, हात छातीवर ठेवून नाही म्हटलं. दुसऱ्यांदा.

सकाळी मी कचरा ठेवायला दार उघडलं. उंबऱ्याशी हूशंगचे बूट जोडून ठेवले होते. टोकं जिन्याकडे.

"हे तू केलंस?"

"मी कशाला करू? पाहुणे कुठे आहेत?" तो म्हणाला.

मी त्याला समोर बसवलं. "ती पुन्हा बोलावेल. तू नाही म्हणायचं. कळलं? सरळ तोंडावर नाही म्हणायचं."

"तिसऱ्यांदा?" तो असा कावराबावरा झाला की मला रडूच आलं. हा माणूस आगीत उडी घाल म्हटलं तर घालेल, पण तिसऱ्यांदा नाही म्हणणार नाही. आणि हा गेला तर मी या घरात कुणाशी भांडायचं? मी फोन बंद केला, तांदळाच्या डब्यात खोल पुरला आणि झाकण लावलं.

दुपारी जेवायला बसलो.

"थेंबांची वेळ झाली," डब्यातून आवाज आला. नेहमीसारखा, गोड.

हूशंगचा चमचा थांबला.

"आणि तुम्ही येताय ना, हूशंग खान? आता तिसऱ्यांदा विचारते."

त्याच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. खिडकीमागचं. हात छातीकडे गेला. तोंड उघडलं.

मी त्यात चमचाभर भात कोंबला.

"असं कसं, खानुम!" मी डब्याकडे बघून म्हटलं. शेवटी मीही रश्तची आहे. "तुम्ही आमच्याकडे धड जेवलात तरी कुठे? चहा आणि चार घास, याला का पाहुणचार म्हणतात? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. माझ्या हातचं अक्रोड-डाळिंबाचं फसंजान खाल्ल्याशिवाय आम्ही तुमच्या दारात पाऊल ठेवणार नाही. आणि येऊ तेव्हा दोघं येऊ. याला एकट्याला मी कुठेच पाठवत नाही."

हूशंग घास चावत होता.

"नको," बाई शेवटी म्हणाली. "तुम्हांला कशाला त्रास?"

मी डोळे मिटले. म्हणजे तिलाही रीत सोडवत नव्हती. "त्रास कसला, या ना," मी म्हटलं.

"नको, खरंच नको."

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हांला."

"बरं," ती म्हणाली. "फसंजानला येते."

आणि आली. पातेलं चाटूनपुसून गेली. जाताना तिने बोलावलंच, आणि मी म्हटलं, आंबट पालेभाजी राहिली ना अजून! असं चाललंय आता. दर शुक्रवारी एक नवा पदार्थ. दोन नको, तीन या ना. हूशंग मजेत आहे, दृष्टी छान आली आहे, आणि मी इतकं चांगलं जन्मात रांधलं नव्हतं. जिन्यातून येणारे-जाणारे वास घेत थांबतात. यल्दा म्हणते, आई, तू तरुण दिसायला लागलीस. आमच्या गीलान प्रांताचे पदार्थ संपले तेव्हा मी शेजारच्या आझरबैजान प्रांताकडे वळले. आता शिराझचे सुरू आहेत. देश मोठा आहे आमचा, देवाची कृपा.

काल भोपळ्याची खीर झाली. "तुमचे हात दुखू नयेत," बाईने रीतीप्रमाणे आभार मानले. "दोघं येणार म्हणालात, लक्षात आहे आमच्या."

आज सकाळी पावटे भिजत घालून मी कचरा ठेवायला दार उघडलं. हूशंगचे बूट जोडलेले होते, ते हल्ली रोजच असतात. शेजारी माझे होते. टोकं जिन्याकडे, आणि माझे पाय हल्ली सुजतात म्हणून नाड्या थोड्या सैल करून ठेवलेल्या.