चिंचेनं घासलेला पैसा

सांगते, पण तेवढा दिवा राहू दे.

२०११चा फेब्रुवारी संपत आला होता. आम्ही मस्कतमध्ये, अझैबाला राहायचो. माझा नवरा स्वरूप तिथून दोनेकशे किलोमीटरवर, सोहारच्या कारखान्यात फिटर, फक्त सुटीला घरी. शेजारच्या बिलकीसआपा मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांच्याकडे कंपनी सरकारचा तांब्याचा पैसा होता, काळाकुट्ट. सत्तावनच्या बंडात धरपकड सुरू झाली, तेव्हा त्यांचे खापरपणजे गलबतात तांडेल होऊन, शिडाचे दोर ओढत मस्कतला पळाले. निघताना आईनं त्यांचा तळवा या पैशावर घासून घेतला, आणि ते परत आले. तेव्हापासून घरातला प्रत्येक पुरुष तसंच करून निघायचा. आपांना मुलगा नाही, म्हणून पैसा त्यांनी मला दिला. स्वरूपनं जाताना हसत तळवा घासला.

आणि सोहार पेटलं, नोकऱ्यांसाठी निदर्शनं, जाळपोळ. टीव्हीवर नुसता धूर. रस्ता बंद, स्वरूपचा फोन बंद. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पैसा देवापुढे ठेवावा म्हटलं, पण असं कळकट तांबं देवापुढे ठेवतात का? चिंच-मीठ घेतलं आणि बसले घासत. माझी हौस दांडगी!

काळं सुटेना... आणि सुटायला लागलं तसं थांबेना. एवढ्याशा पैशात इतकं काळं मावलं कसं? बेसिनमधून वास यायला लागला. चिंचेचा नव्हे, घामेजल्या हातांचा.

तेवढ्यात आपा आल्या. चकाकता पैसा बघून त्यांनी आधी नळ बंद केला.

"प्रेमा... घासलास?"

"देवापुढे ठेवायचा होता, आपा."

"अगो, तो मळ नव्हता... हात होते ते. सगल्यांचे."

दिवेलागणीला बेल वाजली. दारात स्वरूप, धडधाकट! मी रडतच त्याचा हात धरला. हात सटकला. तळवा धुतलेल्या ताटलीसारखा गुळगुळीत, एकही रेघ नाही.

"दुपारपासून आग होतेय गं," तो म्हणाला. "कुणीतरी घासत असल्यासारखी..."

महिन्याभरात तळव्यावर रेघा उमटल्या. एक आडवी, खोल, दोरानं कापल्यासारखी. स्वरूपनं जन्मात शिडाचा दोर ओढलेला नाही, त्याला तर होडी लागते.

मी आपांना बोलावून तो हात दाखवला. त्यांनी ती आडवी रेघ निरखली. स्वरूपहून वीस वर्षांनी मोठी ती बाई, तेव्हापासून तो समोर आला की डोक्यावर ओढणी घेऊन उभी राहते.