मनगटावरचा दगड

१९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे. विजेच्या पातेल्यातील पाण्यात मालिशचे अठ्ठावीस काळे, गुळगुळीत दगड तापत होते. मालिशच्या टेबलाचा तुटलेला पाय जोडायला आलेला वेल्डर काम संपवून मागे सरकला, तो थेट त्या पातेल्याला पाठ लावूनच उभा राहिला.

"अहो, भाजेल!" मालिश करणारी ओरडली.

"कोणाला?" तो सावकाश बाजूला झाला. "आम्ही ठिणग्यांत वाढलेली माणसं. तुमच्या पातेल्याला घाबरलो, तर धंदाच बंद करावा लागेल."

तिला ते धैर्य वाटले.

पाठ अवघडते, या सबबीवर तो दर मंगळवारी येऊ लागला. तिच्या कामाची रीत ठरलेली होती. झाऱ्याने काढलेला प्रत्येक दगड ती आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवी, तेथे सोसला, तरच तेल लावलेल्या पाठीवर ठेवी आणि विचारी, "सोसतोय ना?" मालिश केंद्राच्या मालकिणीने, म्हणजे मोठ्या बाईंनी, तिला हेच शिकवले होते आणि बजावलेही होते : ज्या हातून फोड उठेल, त्या हाती पुन्हा दगड मिळणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या आईसह तिचे सारे घर त्याच हातांवर चालत होते.

"आज पाणी गार आहे का?" पालथा पडून तो विचारी.

"गार? माझं मनगट लाल झालंय."

"बघू."

"पाठीला डोळे आहेत वाटतं तुमच्या?"

"नाहीत ना... म्हणून तर उठून बघावं म्हणतो."

"झोपा गुपचूप!"

थंडी वाढली. खिडकीच्या काचा वाफेने धुरकट होत, आणि मंगळवारी ती केस जरा निगुतीने बांधू लागली. त्याच्या सदऱ्यांवर जळाल्याची भोके मात्र वाढत चालली होती. ती त्याला वेंधळा म्हणे. तो ते कौतुक समजून घेई.

एका मंगळवारी तो म्हणाला, "हात आखडता का घेता? जरा गरम ठेवा की."

तिने नवा दगड मनगटाला टेकवला. मनगट झटकन मागे आले.

"हा नको. फार तापलाय."

"पाठ कोणाची? मला छान ऊब लागतेय... ठेवा."

क्षणभर ती थांबली. मग स्वतःच्या मनगटापेक्षा तिने त्याच्या शब्दावर विश्वास टाकला. दगड ठेवला, थोड्या वेळाने उचलला. खालची कातडी पांढरी पडून फुगली होती.

"कधी ठेवताय?" त्याने विचारले.

पहिल्या दिवशीचे पातेले तिला आठवले. सदऱ्यांची भोके आठवली.

"तुम्हाला कळतच नाही," ती म्हणाली.

तो उठून बसला. "कण्याचा आजार आहे. पाठीची जाणीव गेली, आता हातांची चाललीय. थांबेल असं डॉक्टर म्हणत नाहीत."

"मग दगड कशाला मागत होतात?"

"खरं सांगितलं असतं, तर या टेबलावर घेतलं असतंत?"

"नसतं."

"तुमचा हात पाठीला कळायचा नाही... पण तळव्यांवर तेल चोळल्याचा आवाज यायचा. तेवढ्यासाठी आठवडा काढायचो."

फोडावर ओली पट्टी बांधून होताच तो मोठ्या बाईंसमोर उभा राहिला. "बाई, दोष माझा. मी खोटं बोललो."

"तुम्ही खोटं बोललात," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "तिचं मनगट खोटं बोललं होतं का?"

तिने अंगावरचा एप्रन काढला आणि घडी करून टेबलावर ठेवला.

बाहेर जिन्यात अंधारून आले होते. ती पायरीवर बसली. "माझ्या पोटावर पाय दिलात तुम्ही."

"हो," तो म्हणाला. सारवासारव केली नाही. निघूनही गेला नाही.

निघताना उचललेला तोच दगड तिच्या मुठीत राहून गेला होता. आता तो केवळ सोसवेल इतका ऊबदार होता. तिने तो आधी मनगटाला टेकवला. मग म्हणाली, "डोळे मिट."

ती पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हणाली होती.

"आता खोटं बोललास, तर ही मी चालले."

एकेका बोटाच्या टोकाला ती दगड लावत गेली. "नाही," तो म्हणे. "नाही... हे—हो. नाही." त्याचा आवाज खाली खाली जात होता. शेवटच्या बोटानंतर त्याने डोळे उघडले.

"फारच थोडी उरलीत. उद्या तीही जातील. एवढ्यावर कोण जमवून घेईल?"

"बाकीच्यासाठी माझं मनगट आहे," ती म्हणाली. "मात्र यापुढे ते सांगेल, तेच खरं."

त्याने मान हलवली आणि ज्या बोटांना अजून कळत होते, नेमक्या त्याच बोटांनी तिचे मनगट धरले.

दहा बोटांपैकी तीन.