रातांब्याच्या पुढचे दिवे

आमच्या कलमांच्या बागेत एक मांगर आहे, राखणीची खोपी. आंब्याच्या दिवसांत बाबा राखणीला तिथंच झोपायचे. तिन्हीसांजेला आई त्यांच्यासाठी पेजेचा डबा घेऊन निघायची आणि बाबा कंदील घेऊन तिला अर्ध्या वाटेवर घ्यायला यायचे. बाबा गेले त्याला वर्ष झालं. सकाळी हे आईच्या लक्षात असतं, उन्हं कलली की राहत नाही. डॉक्टरांनी त्या विसरण्याला एक लांबलचक नाव दिलं, गोळ्या लिहून दिल्या. आई मात्र रोज डबा भरतेच.

डबा नेण्याला माझी हरकत नव्हती, भीती होती ती चिऱ्याच्या खाणीची. वाट रचलेल्या दगडांच्या गडग्याच्या कडेनं जाते, मध्ये रातांब्याचं झाड लागतं, आणि तिथं वळलं की डाव्या हाताला बंद पडलेली, पाण्यानं भरलेली खाण. मालकांचं भांडण कोर्टात, म्हणून कठडाही नाही. शेजारचे हरिश्चंद्रकाका म्हणाले, "दाराक कडी घाल गो, गौरजा." एक संध्याकाळ घातली. आई डबा मांडीवर घेऊन दाराशी बसली आणि रडत म्हणाली, "ते भुकेले आसतले." पुन्हा कडीला हात लावायची माझी छाती झाली नाही.

मी कुणकेश्वराजवळच्या या गावात बसून पुण्याच्या कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहिते. वाटेवर उजेड करणं तर माझ्या हातचं होतं. माळेत ओवलेले छोटे पांढरे दिवे मागवले, गडग्यावर बसवले आणि आईला पढवलं, "दिवे आसत थंयपर्यंतच जावचा."

प्रोग्रॅममध्ये प्रत्येक दिव्याचा एक खण असतो. खणात जो आकडा, तसा दिवा. सगळ्या खणांत एकच आकडा भरायला स्टँडर्ड लायब्ररीत तयार सोय आहे, फिल-एन. कुठून सुरू करायचं, किती खण आणि काय भरायचं, एवढं सांगितलं की झालं. मोठी गुणी बाई, पण डोळे मिटून काम करते. चाळीस पानं वाढ म्हटलं की चाळीस वाढणार. पानं अठ्ठावीसच मांडलेली असली तर पुढचं सगळं जमिनीवर.

माझा बेत चाळीस दिव्यांचा होता, मांगराच्या दारापर्यंत. पण पहिली माळ अठ्ठाविसाव्या दिव्याला, रातांब्यापाशीच संपली, आणि दुसरी कुरियरवाल्यानं तळेऱ्याला अडकवून ठेवली. म्हटलं, बरंच झालं. पुढं काळोख, म्हणजे आई तिथूनच मागं फिरेल.

एका संध्याकाळी कंपनीचा फोन लांबला. बाहेर आले तर आई नव्हती, डबाही नव्हता. मी अनवाणीच धावत सुटले. रातांब्यापाशी शेवटचा दिवा जळत होता, आणि त्याच्या पलीकडच्या मिट्ट काळोखातून, खाणीच्या बाजूनं, आई येत होती. सावकाश, पदर सावरत, देवळातून परतावं तशी.

"आई! खंय गेल्लंस?"

"मांगरात. बरे दिवे लायलंस गो."

"रातांब्याफुडे दिवे नाय, आई."

"आसत ते. पिवळे. जरा हलतत."

डबा रिकामा होता. वाटेत सांडला असेल, अशी मी माझी समजूत घातली.

सकाळी कोड उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. माळ अपुरी पडली तेव्हा मी खण अठ्ठावीस केले होते, फिल-एनला सांगितलेला आकडा मात्र चाळीसच राहिला होता. नवशिक्याची चूक. अशा चुकीनं प्रोग्रॅम बंद पडतो, नाहीतर शेजारच्या भलत्याच आकड्याची नासधूस होते. नसलेला दिवा काही त्यानं लागत नाही. मी चाळीस खोडून अठ्ठावीस केले.

त्या संध्याकाळी आई रातांब्यापाशी थांबली. "काळोख," एवढंच म्हणाली आणि भरलेला डबा घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी तिनं पेज शिजवलीच नाही. स्वतःही जेवली नाही. मी भरवायला गेले तर तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिली. असे तीन दिवस गेल्यावर मी आकडा परत चाळीस केला. का, ते विचारू नका. आईला डबा भरून दिला, तिचा हात घट्ट धरला आणि निघाले.

रातांब्यापुढं मला काहीच दिसत नव्हतं. खाणीतल्या पाण्याचा गार वास येत होता. आई मला नेत होती.

"हय दगड आसा, पाय उचल."

दगड होता.

मग मी गडग्याकडे पाहिलं.

दिवा कुठंच नव्हता. पण गडग्यावर आमच्या दोघींच्या सावल्या पडल्या होत्या. पुढं कुणी कंदील घेऊन चालत असलं की हलतात, तशा त्या हलत होत्या.

मला भीती वाटली नाही. बाबांची फार आठवण आली आणि मी आईचा हात धरून रडत रडत चालले.

पुढच्या आठवड्यात दुसरी माळ आली. मांगराच्या दारापर्यंत खरेखुरे दिवे लागले. खण चाळीस, आकडा चाळीस. आता चूक कुठंच उरली नव्हती, मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं.

आईनं डबा मांगराच्या उंबऱ्यावर ठेवला. मी म्हटलं, "चल आता घराक."

ती हलली नाही. मांगराच्या मागं कलमं संपतात आणि वाट उतारानं सरळ मसणवटीकडे जाते. आई तिकडे बघत होती. माझे दिवे पांढरे आहेत. तिच्या चेहऱ्यावर पिवळा उजेड होता.

"दिवे अजून फुडे आसत गो," ती म्हणाली.

मी तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"सोड गो. मी फुडे जाणय नाय." आई नव्या नवरीसारखी लाजून हसली. "ते हात करतत. आज नको म्हणतत."