आसारामच्या हातचा टाका

शनिवारी लोखंड घरात आणू नये, हे नगरकडचं शेंबडं पोरही सांगेल. पण त्या शनिवारी आसारामच्या गॅरेजसमोर टेम्पोतून जे उतरलं ते विकत आणलेलं लोखंड नव्हतं. ते त्याच्याच हाताखालून गेलेलं होतं आणि बावीस वर्षांनी परत आलं होतं. लाल रंगाची, दोन सीटची, बिनछपराची जुनी विलायती गाडी. लाल म्हणायचं ते आठवणीनं. धूळ, चिमण्यांची शीट आणि गंज यांचा मिळून आता एकच रंग झाला होता.

नगर-मनमाड रस्त्यावर, सावेडी नाक्याच्या जरा पुढे आसारामची पत्र्याची शेड आहे. चाळीस वर्षं तो गाड्यांचे पत्रे ठोकतोय, जोडतोय. त्याच्याबद्दल एक बोलणं गावात रुळलं होतं: आसारामनं जोडलेलं दुसरीकडं तुटेल, जोडावर तुटणार नाही. हे वाक्य कोणी तोंडावर म्हटलं की तो लगेच चहा मागवायचा. लोकांना तो विनय वाटे.

टेम्पोच्या मागून स्कूटरवर एक बाई आली. चाळिशीच्या आतबाहेरची, कानाजवळ केस पांढरे झालेली. माधव सरांची मुलगी सुमेधा. सर कॉलेजात शिकवायचे, ही गाडी त्यांची.

"आसारामभाऊ, ओळखलंत?"

"वळखलं की, ताई. सर कसे हायेत?"

"गेले. दीड महिना झाला. त्याआधी आठ महिने अर्धांगानं अंथरुणावर होते."

तिनं पर्समधून एक कागद काढला. आजारपणाच्या आधी सरांनी लिहून ठेवलेला. अक्षर सरांचं, ठळक आणि सरळ. 'गाडी दुरुस्त करायची झाली तर आसारामकडेच द्यावी.' आसारामनं तो वाचला आणि चष्मा पुसायला घेतला.

"करून तर द्याच," सुमेधा म्हणाली, "पण आधी मला एक सांगा. ही गाडी वाकली ती गंजामुळे, की बाबांनी भरधाव चालवली म्हणून? आईच्या अस्थी कोपरगावला गोदावरीत सोडल्यात. बाबांचा कलश अजून घरात आहे. मामा म्हणतात, ज्यानं मारली त्याला तिच्याशेजारी आणू नका. मी बाबांची सेवा केली, भाऊ, पण बावीस वर्षं त्यांच्याशी धड बोलले नाही. तुम्ही सांगाल ते मी मानेन."

आसाराम म्हणाला, "आधी उघडून बगतो. मंग सांगतो."

उघडून बघायची त्याला काडीची गरज नव्हती.

बावीस वर्षांपूर्वी सरांनी हीच गाडी आणली होती. डाव्या दाराखाली, गाडीच्या लांबीनं जाणारी पत्र्याची एक पोकळ पेटी असते. छप्पर नसलेल्या गाडीचा तोच कणा. आसारामनं तिला पेचकस टेकवला तर तो पापडात जावा तसा आत गेला. काम तीन दिवसांचं होतं. सर म्हणाले होते, "घाई नाही. रविवारी कोपरगावला लग्न आहे, पण नाही झालं तर आम्ही एसटीनं जाऊ." बिचाऱ्यानं पळवाटसुद्धा ठेवली होती. पण आसारामला त्या संध्याकाळी शेवगावला साडूकडं जायचं होतं, जत्रेचं मटण होतं. त्यानं पेटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, वर तेलाच्या डब्याचा पत्रा लावला, पुट्टी ओढली आणि डांबर फासलं. वरून कीर्तन, आतून तमाशा. किल्ली देताना म्हणाला, "धा वर्सं बगायला नको, सर."

रविवारी राहुरीच्या पुढं, उसाच्या ट्रॉल्यांनी खचवलेल्या रस्त्यात गाडी डाव्या अंगाला मधोमध मोडली. दार उघडलं आणि सुमेधाची आई बाहेर फेकली गेली, ती जागीच गेली. सरांना खरचटलं सुद्धा नाही. मामांच्या माणसांनी आवई उठवली की माधवराव प्यायले होते. चहापलीकडे काही न पिणारा माणूस! चौकीत आसारामला बोलावलं. तो म्हणाला, "गाडी ठणठणीत हुती, साहेब." बाकावर बसलेल्या सरांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. ना तेव्हा काही बोलले, ना नंतर. सरांना कळलं होतं की नाही, हा विचार आसारामनं बावीस वर्षं जवळ येऊ दिला नव्हता. मटण मात्र त्यानं पुन्हा खाल्लं नाही. लोकांना सांगायचा, माळ घातलीय.

चोराच्या मनात चांदणं. गाडी परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, दुकान बंद; म्हणून त्यानं तोच निवडला. एकट्यानं पेटी उघडायची, कागदाचे बोळे काढून जाळून टाकायचे आणि सुमेधाला काहीतरी गुळमुळीत सांगायचं, एवढाच त्याचा बेत होता.

सकाळपासून लाईट नव्हती. शेडचा पत्रा तापून तडतडत होता. आसाराम डाव्या बाजूला उकिडवा बसला आणि सवयीनं हातोडीचं टोक पेटीवर वाजवत निघाला. धड पत्रा टण्ण बोलतो, पुट्टी भद्द बोलते, हे त्याला झोपेतही कळलं असतं. पेटी टण्ण बोलली.

त्यानं पुन्हा वाजवलं. टण्ण.

लाईट नसल्यानं छन्नीच लावली. डांबराचे पापुद्रे निघाले, पुट्टीचा भुगा पडला, चुरगळलेला डब्याचा पत्रा त्यानं पकडीनं सोलून काढला. आत कागदाचा कपटाही नव्हता. आत नवी पोलादी पट्टी होती, ओळंब्यात सरळ, आणि तिच्या कडेनं वेल्डिंगचा टाका गेलेला होता.

टाका म्हणजे वेल्डरचं अक्षर. आसारामचं मनगट लहानपणी मोडून वाकडं बसलंय. त्यामुळं त्याचा टाका जरा तिरका पडतो आणि शेवटी डावीकडं बारीक शेपूट सुटतं. अख्ख्या नगर जिल्ह्यात असं शेपूट दुसऱ्या कोणाचं नाही. इथं ते होतं. बाहेरचा पत्रा मोडून मुरगळलेला, आणि आतली पट्टी सरळसोट. म्हणजे हे काम गाडी मोडल्यानंतरचं. पण बंद पेटीत हात घालायला जागा कुठून?

त्यानं टाक्यावर बोट ठेवलं आणि झटक्यात मागं घेतलं. गरम होता. उन्हानं असेल म्हणून त्यानं पेटीला दुसरीकडं हात लावला, बॉनेटला लावला. ते सगळं गार होतं. जळलेल्या वेल्डिंग रॉडचा ताजा, आंबूस वास येत होता.

भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर आसारामला आधी आनंद झाला. झाकली मूठ देवानं झाकलेलीच ठेवली होती, वर तिच्यात सव्वा लाख भरून दिले होते. टाका वीतभर होता, पुढं गंजून चाळण झालेला जुना पत्रा. टाका संपला तिथं त्यानं खडूची रेघ मारली आणि शटर ओढलं. त्या आनंदाची त्याला आजही लाज वाटते.

सोमवारी दुपारी सुमेधा आली. आसारामनं बॅटरी धरून तिला टाका दाखवला.

"हे बगा, ताई. माझ्या हातचं काम. आजून जसंच्या तसं हाय."

"म्हणजे गाडी चांगली होती?"

एवढा एक प्रश्न. नाही म्हणायला किती श्वास लागतो? आसाराम म्हणाला, "ठणठणीत हुती."

तिनं मोबाईलवर टाक्याचा फोटो काढला. मग स्कूटरपाशी जाऊन बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. जाताना म्हणाली, "तुमचे उपकार झाले, भाऊ. आता मनात शंका तरी राहणार नाही." उपकार हा शब्द ऐकून आसारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यानं बॅटरी विझवून खिशात टाकली.

मंगळवारी सकाळी त्यानं शटर उघडलं. किल्ली एकच, ती त्याच्या करदोड्याला. टाका खडूच्या रेघेच्या पुढं वीतभर सरकला होता. रेघ टाक्यावर धरलेल्या जळक्या, काळ्या खपलीखाली गेली होती. पुढं दुसरं शेपूट, डावीकडं वळलेलं, आणि खपली अजून कोमट. त्यानं आपलं मशीन पाहिलं. वायर गुंडाळलेली होती, तिच्यावर परवाची धूळ होती.

तो गाडीकडं पाठ करून दुसऱ्या कामाला लागला. बारा वाजता सुमेधाचा फोन आला.

"ठरवलं मी. बाबांचा कलश उद्या दुसऱ्या नदीवर नेते. आईपाशी नको."

"तुमची मर्जी, ताई," आसाराम म्हणाला, आणि फोन ठेवला.

तेवढ्यात शेडमध्ये आवाज सुरू झाला. कढईत भजी सोडावी तसा. वेल्डिंगचाच आवाज.

आसाराम सावकाश वळला.

आवाज दाराखालच्या पेटीतून येत होता. जुना पत्रा जिथं गंजून चाळण झाला होता, तिथल्या टाचणीएवढ्या भोकांतून निळा उजेड बाहेर पडत होता. भर दुपारी, लखलखीत. भिंतीवर त्याचे ठिपके नाचत होते.

उजेड हळूहळू पुढं सरकत होता. कोणीतरी घाई न करता, नीट, आसारामच्या हातानं काम करत होतं. तीन दिवसांचं काम.

त्याच्या तोंडून आलं, "सर?"

उजेड विझला. आवाज थांबला. खपलीचा एक तुकडा आत कुठंतरी पडल्यासारखा वाजला.

शटर तसंच उघडं टाकून आसाराम सावेडीला, सुमेधाच्या घरी निघाला.

सुमेधा हॉलमध्ये बसली होती. कोपऱ्यात टेबलावर लाल फडक्यात बांधलेला कलश होता. आसाराम दारातच उभा राहिला, बसा म्हटलं तरी बसला नाही.

"ताई, म्या तुमाला खोटं सांगितलं. त्या पेटीत म्या कागद भरला हुता. कागद आन् पुट्टी. पेटी पार सडली हुती. सर म्हनले हुते घाई न्हाई. मलाच जायचं हुतं, मटन खायला. सरांची काय बी चूक न्हाई. तुमची आई माझ्यामुळं गेली."

सुमेधानं कलशाकडं पाहिलं आणि पदराचा बोळा तोंडाशी धरला. मग मोबाईल काढून तिनं तो फोटो त्याच्यापुढं धरला.

"मग हे कोणी केलं?"

"हात माझाच हाय. पन म्या केलेलं न्हाई. कोनी केलं, मला ठाव न्हाई, ताई."

तिची नजर त्याच्या हातांवर थांबली. मनगटापासून कोपरापर्यंत मोहरीएवढे काळपट डाग.

"हे कशाचे?"

"ठिनग्यांचे. समद्या वेल्डरना असत्यात."

सुमेधानं मोबाईल खाली ठेवला.

"बाबांच्या हातावर होते," ती म्हणाली. "अंथरुणावर असताना. रोज सकाळी दोन-तीन नवे. बोटसुद्धा हलत नव्हतं त्यांचं. मला वाटलं, सांभाळायला ठेवलेली राहीबाईच त्यांना चटके देते. मी तिला हाकलून दिलं. तरी डाग येतच राहिले."

आसारामला विचारायचं नव्हतं. तरी त्यानं विचारलं.

"आन् डोळं? सकाळी लाल व्हायचं का?"

"लालभडक. पाणी गळायचं. डॉक्टरांनी थेंब दिले, उपयोग झाला नाही." ती कलशाकडं वळली. "तोंडात शब्द एकच उरला होता त्यांच्या. अर्धांगानंतर होतं म्हणे असं. डोळे मिटून दिवसभर तोच शब्द. बटाटा."

काळी काच न धरता वेल्डिंग केलं की दुसऱ्या सकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होते. त्यावर गॅरेजवाले एकच उपाय करतात. कच्च्या बटाट्याच्या चकत्या कापून पापण्यांवर ठेवतात. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला हे माहीत असायचं कारण नव्हतं.

त्यानं ते तिला सांगितलं. दुसरं काही लपवायचं त्याच्याजवळ उरलं नव्हतं.

"मी रोज बटाट्याची भाजी केली हो," सुमेधा म्हणाली. "आठ महिने, रोज. घास तोंडाशी नेला की ते तोंड गच्च मिटायचे आणि डोळे मिटून चेहरा पुढे करायचे. असा. मी म्हणायचे, बाबा, नाटकं पुरे."