वारा पडला तेव्हा

लाइट गेली की आमचे भाऊजी पोरांना गोळा करतात आणि ही गोष्ट सांगतात. "माझ्या ओळखीच्या एका माणसाची," म्हणतात. ओळखीचा कसला, हे स्वतःच! वादळ-निवाऱ्याची किल्ली कोणाच्या कमरेला असते, ते गावाला काय माहीत नाही? मीही त्या रात्री तिथेच होते. म्हणून लिहिते, तिखटमीठ न लावता.

निवाऱ्याच्या भिंतीवर एक फळा आहे. या किनाऱ्यावरची सगळ्यात जीवघेणी वादळं, मेलेल्यांच्या आकड्याप्रमाणे. पहिल्या ओळीतलं आमच्या गावावरचं. त्यात मधेच वारा पडला, चांदण्या दिसल्या. संपलं समजून तेव्हाच्या किल्लीवाल्याने दार उघडलं. लोक घराकडे निघाले, तोही निघाला. अर्ध्या वाटेवर वारा उलटा फिरून आला, पाणी घेऊन. कोणी उरलं नाही.

नोव्हेंबरची एकोणीस तारीख, बुधवार. भाऊजी संध्याकाळी पाण्याचे ड्रम भरायला निवाऱ्यात गेले. नऊ वाजेपर्यंत एकशे चाळीस माणसं आत आली. आमचे हे तेवढे मागे राहिले. "होडीचा दोर आवळून आलोच," म्हणाले.

आले नाहीत.

रात्री पावणेदोनला वारा पडला. एकदम. कानात दडे बसले.

"भाऊजी, दार उघडा. हे बाहेर आहेत."

"वहिनी, हा वादळाचा डोळा आहे. अजून अर्धं यायचंय."

"डोळा घाला चुलीत! सख्खा भाऊ आहे तुमचा."

मागून एकजण ओरडला, "चांदणं पडलंय, आता कसली भीती? माझी म्हैस बांधलेली आहे तिकडे!" सगळे उठले. दाराशी रेटारेटी झाली.

भाऊजींचाही जीव तुटत होताच. त्यांनी कडी काढली. दार आत ओढलं.

हललं नाही.

बॅटरी खाली मारली. दाराला पाठ लावून एक म्हातारा बसला होता. निथळत होता. आमच्यातला नव्हता.

"आजोबा, सरका."

...

"सरका म्हणतो ना!"

म्हाताऱ्याने मान वर केली नाही.

"मागच्या वेळी मी उघडलं होतं..."

एवढंच.

दाराशी रेटणारे मागे सरले. मीसुद्धा.

मग लांबून वाऱ्याचा आवाज आला. दुसऱ्या बाजूने. भाऊजींनी कडी लावली...

भाऊजी इथे थांबतात. पोरं विचारतात, "मग, काका?"

"मग काय, सकाळ झाली. एकशे चाळीस आत गेले, एकशे चाळीस बाहेर आले. म्हातारा कुठेच नव्हता. त्याच्या पाठीचा ओला डाग तेवढा दारावर राहिला. चला, झोपा आता."

पुढचं सांगत नाहीत. मी बसलेली असते ना.

हे सापडले नाहीत. होडी सापडली, दोर पक्का आवळलेला. वर्षभर मी भाऊजींशी शब्द बोलले नाही. त्या दाराला मी माझ्या हाताने तीनदा रंग दिला. डाग वर येतोच, मिठाने पांढरा.

आणि डाग एक नाही. दोन आहेत. खांद्याला खांदा लावून बसलेले. दुसऱ्याचा डावा खांदा उतरलेला.

पंचवीस वर्षं त्या पाठीला तेल चोळलंय मी. ती कोणाची, ते मला कोणी शिकवू नये.